विनामूल्य पुस्तकाचा खर्च कोणाच्या माथी?

जून महिन्यात महाराष्ट्रातील शाळा उघडल्या की तालुक्याच्या गावी दोन दुकानांपुढे गर्दी होते. एक पुस्तकांचे, दुसरे झेरॉक्सचे. सरकारी आणि अनुदानित शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना क्रमिक पुस्तके समग्र शिक्षा योजनेखाली शाळेतच विनामूल्य मिळतात. त्यामुळे या गर्दीत त्यांचे पालक फारसे नसतात. असतात ते नववी-दहावीला गेलेल्या मुलामुलींचे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा चौदाव्या वर्षाशी आणि आठवीच्या वर्गाशी थांबतो, आणि विनामूल्य पुस्तकही त्याच रेषेवर थांबते. शेतमजुराची मुलगी आठवी ओलांडून नववीत गेली की पुस्तकांच्या संचाचा खर्च तिच्या घरावर येऊन पडतो, आणि तोही ऐन पेरणीच्या दिवसांत, बियाण्या-खताच्या उधारीच्या जोडीने.

यावर हल्ली एक तयार उत्तर ऐकू येते. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर आहेत, कोणालाही ती विनामूल्य उतरवून घेता येतात. ‘दीक्षा’ या केंद्र सरकारच्या मंचावर २०१७ पासून पाठांच्या ध्वनिचित्रफिती साठत आहेत. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी ‘स्वयं’ आहे, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. इतके सारे फुकट हाताशी असताना कागद, छपाई आणि वाहतूक यांवर सार्वजनिक पैसा कशासाठी घालवायचा, असा हा युक्तिवाद आहे. तो केवळ अधिकारी वर्गच करतो असे नाही. शहरातील सुशिक्षित, स्वतःला पुरोगामी म्हणविणारी मंडळीही तो करतात, आणि छापील पुस्तकाचा आग्रह धरणाऱ्याला जुन्या वळणाचा ठरवून मोकळी होतात.

वस्तुतः कागद की पडदा हा वाद दुय्यम आहे. शिक्षणाच्या साधनाबाबत अर्थशास्त्राने विचारायचे प्रश्न दोन: त्या साधनातील ज्ञानावर मालकी कोणाची, आणि ते विद्यार्थ्याच्या हाती पोहोचविण्याचा खर्च कोणी सोसायचा. डिजिटल साहित्याने पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ अंशी श्रमिकांच्या बाजूने देण्याची शक्यता निर्माण केली आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र ते गुपचूप त्यांच्या विरुद्ध देत आहे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की एका बाजूला तंत्रज्ञानाची आरती सुरू होते आणि दुसऱ्या बाजूला तंत्रज्ञानद्वेष. दोहोंपैकी कशानेही नववीतल्या मुलीला पुस्तक मिळत नाही.

प्रथम, जे श्रेय द्यायचे ते द्यावे. पुस्तक लिहून, तपासून, जुळवून पहिली प्रत सिद्ध करण्याचा खर्च मोठा असतो. डिजिटल स्वरूपात त्यापुढच्या प्रतीचा खर्च जवळजवळ शून्य होतो, आणि एकाने वाचल्याने दुसऱ्याचा वाटा कमी होत नाही. अशा वस्तूला किंमत लावून लोकांना तिच्यापासून दूर ठेवणे हे भांडवलशाहीच्या स्वतःच्या पाठ्यपुस्तकांतल्या हिशेबानेही अपव्ययाचे आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेने २००१ मध्ये आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य विनामूल्य खुले करण्याचे जाहीर केले. २००२ मध्ये युनेस्कोच्या बैठकीत ‘मुक्त शैक्षणिक साधने’ ही संज्ञा रूढ झाली. भारतात आयआयटी आणि बंगळूरची विज्ञान संस्था यांनी त्याच सुमारास ‘एनपीटेल’द्वारे अभियांत्रिकीचे वर्ग सर्वांना उपलब्ध करून दिले. जिल्ह्याच्या गावच्या खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयात, जिथे वर्षानुवर्षे प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या असतात, तेथील विद्यार्थ्याला या व्याख्यानांचा किती आधार झाला हे त्यालाच विचारावे. सामूहिक मालकीच्या तत्त्वाला इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडते, आणि ज्यांनी ते सर्वांत आधी उचलून धरायला हवे ती चळवळ याबाबत बराच काळ उदासीन राहिली, हे नमूद केले पाहिजे.

ज्ञानावर मालकी सांगणारे किती दूरवर जातात, याचा धडा भारतातच मिळाला. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात ‘रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस’ नावाचे छोटे झेरॉक्सचे दुकान होते. अध्यापकांनी नेमून दिलेली निरनिराळ्या ग्रंथांतील प्रकरणे एकत्र करून ते विद्यार्थ्यांना अल्प दरात पुरवी. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन बड्या प्रकाशनसंस्थांनी त्या दुकानावर आणि दिल्ली विद्यापीठावर स्वामित्वहक्काच्या भंगाचा दावा लावला. दोन-चार यंत्रांच्या दुकानावर जगातील बलाढ्य प्रकाशकांनी केलेली ही चढाई विद्यार्थ्यांनी निमूटपणे सोसली नाही. त्यांच्या संघटना खटल्यात उतरल्या. तीनशेहून अधिक लेखक-अभ्यासकांनी, ज्यांत त्या संचांतील प्रकरणांचे काही मूळ लेखकही होते, प्रकाशकांना दावा मागे घेण्याचे आवाहन केले. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. स्वामित्वहक्क हा ईश्वरदत्त किंवा निसर्गदत्त हक्क नसून समाजाच्या बौद्धिक समृद्धीसाठी कायद्याने दिलेली सवलत आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. त्याच डिसेंबरात खंडपीठाने शिक्षणाच्या ओघात आवश्यक असलेल्या प्रतींना १९५७ च्या कायद्यातील ५२ व्या कलमाचे संरक्षण असल्याचे तत्त्व उचलून धरले आणि अशी आवश्यकता होती किंवा कसे एवढी वस्तुस्थिती तपासण्यास सांगितले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी खटला सोडून दिला.

आपल्या कार्यकर्त्यांनी हा निकाल ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण तो अजूनही कामाचा आहे. कित्येक महाविद्यालयांत ग्रंथपाल ‘कॉपीराइट’च्या भीतीने चार पानांची झेरॉक्स नाकारतात. कायदा त्यांना इतका घाबरवीत नाही.

मालकीचा प्रश्न किंमतीपुरता नसतो, आशयाचाही असतो. २ नोव्हेंबर २०११ रोजी हार्वर्ड विद्यापीठात प्रा. ग्रेगरी मॅन्क्यू यांच्या अर्थशास्त्राच्या प्राथमिक वर्गातून विद्यार्थी उठून बाहेर पडले. मॅन्क्यू यांचे पाठ्यपुस्तक जगभर विकले जाते. २००८ च्या अरिष्टाने लाखो लोकांची घरे हिरावली असताना या अभ्यासक्रमात एकाच पठडीचे अर्थशास्त्र शिकविले जाते, अशी त्या विद्यार्थ्यांची तक्रार होती. याच असंतोषाच्या काळात काही अर्थशास्त्रज्ञांनी ‘कोअर’ या नावाने नवा पाठ्यक्रम रचला आणि त्याचे ‘द इकॉनॉमी’ हे पुस्तक इंटरनेटवर पूर्णतः विनामूल्य ठेवले. विषमता, सत्ता, पर्यावरण हे विषय त्यात शेवटच्या प्रकरणात उरकलेले नाहीत, पहिल्यापासून येतात. ते पुस्तक समाजवादी नाही. परंतु बाजारपेठेच्या पाठ्यपुस्तकाबाहेर श्वास घेण्यास जागा देणारे आहे. गंमत अशी की त्याची छापील आवृत्ती २०१७ मध्ये ऑक्सफर्डनेच काढली. दिल्लीच्या झेरॉक्स दुकानदाराला कोर्टात खेचणारी संस्था दुसरीकडे विनामूल्य पुस्तकाचा छापील व्यापारही करू शकते. भांडवल तत्त्वाला चिकटून राहत नाही.

येथवर डिजिटल साहित्याचा पक्ष बळकट आहे. अडचण येते ती त्यानंतर, म्हणजे विनामूल्य ठेवलेले पुस्तक विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे आणण्याच्या टप्प्यावर. संकेतस्थळावर ठेवलेल्या पुस्तकाचा खर्च नाहीसा झालेला नसतो, तो दुसऱ्याच्या खात्यावर टाकलेला असतो. पूर्वी शासन कागद घेई, छापी, पोहोचवी. आता कुटुंबाने फोन घ्यायचा, दरमहा रिचार्ज करायचा, विजेची सोय पाहायची आणि पडद्यावर वाचणे अशक्य झाले की झेरॉक्सच्या दुकानात जाऊन पाने काढून आणायची. यातही कराची मौज पाहावी. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही. पण मोबाईल फोनवर आणि त्याच्या रिचार्जवर तो १८ टक्के आहे. म्हणजे तेच ‘विनामूल्य’ पुस्तक फोनवर वाचणाऱ्या मजुराकडून सरकार कर वसूल करते.

छपाईच्या हिशेबात तर अन्याय अधिकच उघड होतो. लाखो प्रती एकदम छापणाऱ्या मंडळाला एका पानामागे जो खर्च येतो, त्याच्या कित्येक पट खर्च एकटी प्रत काढणाऱ्याला येतो. नववीच्या सर्व विषयांच्या पुस्तकांची पाने मिळून हजाराच्या घरात जातात. तालुक्याच्या दुकानात पानाला एक-दोन रुपये पडतात. एवढ्या पैशांत मंडळाचा छापील संच विकत घेऊन वर काही उरावे. ज्याच्याजवळ संचाचे पैसे एकरकमी नसतात तो मात्र गरजेपुरते एकेक प्रकरण छापून आणतो, आणि वर्षाअखेर संचाहून अधिक पैसे मोजून बसतो. किरकोळीत घेणारा गरीब नेहमीच महाग खरेदी करतो, हा वाण्याच्या दुकानातला जुना अनुभव आता ज्ञानाच्या बाबतीतही येऊ लागला आहे.

आकडे हेच सांगतात. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातील सुमारे ४ टक्के कुटुंबांत संगणक होता आणि सुमारे १५ टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय होती. शहरांत हेच प्रमाण अनुक्रमे २३ आणि ४२ टक्के होते. त्यानंतर फोन झपाट्याने पसरले हे खरे. पण करोनाच्या टाळेबंदीत शाळा बंद असताना, सप्टेंबर २०२० मध्ये ग्रामीण भारतात झालेल्या ‘असर’ पाहणीतून काय दिसले? शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, परंतु पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून काही अध्ययनसाहित्य मिळालेली मुले जेमतेम एक तृतीयांश होती. त्याच मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुलांजवळ चालू इयत्तेचे पाठ्यपुस्तक होते. सारी यंत्रणा ठप्प झाली असताना, ज्या साधनाला कालबाह्य म्हटले जाते तेच घराघरांत पोहोचलेले होते. ते पोहोचले होते कारण ते पोहोचविण्याची जबाबदारी कोणावर आहे हे ठरलेले होते.

फोन आता बहुतेक घरी आहे, असा यावर प्रतिवाद होईल. ‘असर’च्याच २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयोगटातील सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. पण घरी फोन असणे आणि तो मुलीच्या हाती असणे यांत अंतर आहे. फोन वापरू शकणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६.२ टक्के, तर मुली २६.९ टक्के होत्या. बाप कामावर गेला की फोन त्याच्याबरोबर जातो. रात्री परत येतो तेव्हा थोरल्या भावाचा हक्क आधी. पुस्तकाला असा पहारा लागत नाही. ते चुलीपाशी बसून, वीज नसताना खिडकीपाशी बसून वाचता येते, आणि बहिणीचे झाले की धाकट्याला होते.

महाराष्ट्राला या प्रश्नाचा इतिहास आहे आणि तो विसरला जात आहे. एके काळी शाळांत खाजगी प्रकाशकांची पुस्तके चालत. त्यांत आचार्य अत्रे यांच्या ‘नवयुग वाचनमाले’सारखी उत्तम पुस्तकेही होती, हे नाकारण्याचे कारण नाही. पण पुस्तक ‘लागणे’ हा त्या काळी मोठा व्यापार होता. २७ जानेवारी १९६७ रोजी पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजेच बालभारती, स्थापन झाले आणि क्रमिक पुस्तक ही सार्वजनिक जबाबदारी ठरली. सारख्या दर्जाचे, स्वस्त, मराठीबरोबर इतर माध्यमांतही छापलेले पुस्तक गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत एकाच किमतीला मिळू लागले. मंडळाच्या पुस्तकांवर टीका करण्याजोगे पुष्कळ आहे. आशयाबद्दल तर विशेषच. परंतु वितरणाचे हे सार्वजनिक जाळे ही एका पिढीने मिळविलेली कमाई आहे. ‘आता सगळे ऑनलाइन आहे’ या एका वाक्यासरशी ते विस्कटू देणे म्हणजे एसटीचा फाटा बंद करून प्रवाशांना रस्ता सर्वांना मोकळा असल्याचे सांगण्यासारखे आहे.

वर्गात शिकविणाऱ्याच्या दृष्टीनेही प्रश्न तपासला पाहिजे. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात शिक्षक जेव्हा एक पान उघडायला सांगतो तेव्हा सर्वांपुढे तेच पान असावे लागते. अधोरेखित करणे, समासात शब्दार्थ लिहिणे, मागे वळून पाहणे या क्रिया शिकण्याच्या अंगभूत आहेत. स्वीडनसारख्या संपन्न देशाने शाळांतून पडद्यांचा पुरस्कार करून पाहिला आणि २०२३ मध्ये छापील पुस्तकांसाठी पुन्हा मोठी तरतूद केली. याचा अर्थ डिजिटल साधन निरुपयोगी असा नव्हे. रक्ताभिसरणाचे चलच्चित्र जे एका मिनिटात दाखविते ते पुस्तकातील आकृती तासाभरात दाखवू शकत नाही. या दोहोंचा मेळ कसा घालावा याचा उत्तम नमुना महाराष्ट्राच्याच जिल्हा परिषद शाळेतून आला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथे शिक्षक असताना रणजितसिंह डिसले यांनी क्रमिक पुस्तकांना क्यूआर संकेत जोडण्याचा प्रयोग केला, राज्याने पुढे तो आपल्या पुस्तकांत स्वीकारला, आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्या प्रयोगाचे मर्म असे की डिजिटल साहित्याकडे नेणारी चौकट छापील पानावर होती. पुस्तकच नसेल तर संकेत कशावर छापणार?

‘विनामूल्य’ आणि ‘मुक्त’ हे दोन शब्दही एकच समजले जातात. बालभारतीचे पुस्तक वाचण्यास विनामूल्य आहे; पण त्याचे सर्व हक्क मंडळाच्या स्वाधीन आहेत आणि लेखी परवानगीशिवाय त्यातील भाग उद्धृत करण्यास मज्जाव आहे. करदात्यांच्या पैशाने, शिक्षकांच्या श्रमाने तयार झालेल्या पुस्तकावर असा निर्बंध कशासाठी? भामरागडच्या शिक्षकाला त्याच पाठाचे माडिया भाषेत रूपांतर करून वाटायचे असेल, धडगावच्या शिक्षिकेला पावरी बोलीतील शब्दांची जोड द्यायची असेल, तर परवानगीचे कागद मुंबई-पुण्याला का धाडावेत? केंद्राच्या शैक्षणिक साधनांच्या राष्ट्रीय भांडाराने २०१३ पासूनच मुक्त परवान्याचे तत्त्व स्वीकारले आहे. राज्यालाही ते अवघड नाही. गाइडवाल्यांनी पुस्तकाचा व्यापार करू नये एवढीच भीती असेल, तर बिगरव्यापारी वापर खुला ठेवणारे परवाने जगभर वापरात आहेत.

उच्च शिक्षणात मराठीची दैना याहून मोठी आहे. विनामूल्य उपलब्ध असलेल्या साहित्याचा फार मोठा भाग इंग्रजीत आहे. मराठी माध्यमातून कला वा वाणिज्य शाखेत शिकणाऱ्याच्या हाती मात्र परीक्षेपुरते गाइड पडते. साठच्या दशकाच्या अखेरीस केंद्राच्या साहाय्याने राज्याराज्यांत विद्यापीठ स्तरावरील ग्रंथ प्रादेशिक भाषांत तयार करण्याची योजना निघाली आणि नागपूरच्या ग्रंथनिर्मिती मंडळाने अर्थशास्त्रापासून भौतिकीपर्यंत अनेक विषयांवर मराठी पुस्तके काढली. ते काम पुढे थांबले. ती पुस्तके आज जुन्या महाविद्यालयांच्या कपाटांत धूळ खात पडली आहेत. मराठी विश्वकोशाचे खंड इंटरनेटवर सर्वांसाठी खुले होऊ शकतात, तर या ग्रंथांना कोणता अडसर आहे? जुने झालेले भाग आजच्या अध्यापकांनी दुरुस्त करावेत, परिभाषा सोपी करावी. पायाभूत काम झालेले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२४ मध्ये ‘अस्मिता’ या नावाने पाच वर्षांत भारतीय भाषांतील २२ हजार पुस्तकांची घोषणा केली आहे. यंत्राने रातोरात केलेल्या भाषांतरांनी तो आकडा भरून काढला जाऊ नये, एवढी दक्षता तरी मराठीच्या प्राध्यापकांनी घ्यावी. विद्यार्थ्याला न कळणारे मराठी पुस्तक त्याला इंग्रजी गाइडाकडेच परत पाठविते.

डिजिटल पुस्तकाच्या आणखी एका गुणात धोकाही दडलेला आहे. ते रात्रीत बदलता येते. चूक सुधारायची असेल तेव्हा हे वरदान. पण सत्ताधाऱ्यांना इतिहास सुधारायचा असेल तेव्हा काय? एनसीईआरटीने २०२२ मध्ये ‘अभ्यासाचा भार कमी करण्याच्या’ नावाखाली पुस्तकांना कात्री लावली. दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचे विवेचन गेले, बारावीच्या इतिहासातून मोगल दरबारांवरील प्रकरण गेले. एप्रिल २०२३ मध्ये असे निदर्शनास आले की गांधीहत्येसंबंधीचा काही मजकूर, जो वगळल्याचे जाहीर यादीत कोठेही नव्हते, तोही बारावीच्या पुस्तकातून नाहीसा झाला आहे. सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राज्यशास्त्राच्या पुस्तकांवरील मुख्य सल्लागार म्हणून असलेली आपली नावे काढून टाकण्याची मागणी जूनमध्ये केली. काय गेले हे जुने व नवे पुस्तक शेजारी ठेवले की कळते. केवळ संकेतस्थळावर नांदणाऱ्या पुस्तकाची जुनी आवृत्ती पुसली गेली तर साक्ष कोण देणार?

आणि जे फुकट मिळते त्याचा मोबदला काही वेळा दुसऱ्याच रूपाने घेतला जातो. ह्यूमन राइट्स वॉचने मे २०२२ मध्ये ४९ देशांतील शैक्षणिक ॲपांचा जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात ‘दीक्षा’ ॲप मुलांच्या ठावठिकाण्याची माहिती गोळा करू शकत असल्याचे म्हटले होते. सरकारी मंचाची ही स्थिती, तर खाजगी शिकवणी ॲपांबद्दल बोलायलाच नको. प्रथम काही पाठ फुकट, मग हप्त्यांवर वर्गणी, हा त्यांचा रिवाज. त्यांतील सर्वांत मोठ्या ‘बायजूज’विरुद्ध जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. सार्वजनिक शाळेचा पर्याय म्हणून ज्यांचा डंका पिटला गेला त्या कंपन्यांचा टिकाऊपणा एवढाच.

मुक्त आशय आणि छापील पुस्तकाचा हक्क यांची सांगड घालता येते, हे दक्षिण आफ्रिकेने दाखविले आहे. तेथे ‘सियावुला’ या उपक्रमातून शिक्षक व स्वयंसेवकांच्या सहभागाने गणित आणि भौतिक विज्ञानाची मुक्त परवान्याची पुस्तके तयार झाली. २०१२ मध्ये तेथील सरकारने ही पुस्तके छापून दहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना वाटली. प्रकाशकाला स्वामित्वधन द्यायचे नसल्याने खर्च राहिला तो मुख्यतः छपाईचा आणि पोहोचविण्याचा. त्याच वर्षी लिम्पोपो प्रांतात शाळा सुरू होऊन महिने लोटले तरी पुस्तके पोहोचली नाहीत; तेव्हा नागरिक न्यायालयात गेले आणि पाठ्यपुस्तक मिळणे हा शिक्षणाच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचा निर्णय त्यांनी मिळविला. २ डिसेंबर २०१५ रोजी तेथील सर्वोच्च अपील न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले: नेमलेले प्रत्येक पुस्तक, प्रत्येक विद्यार्थ्याला, शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी मिळाले पाहिजे. बहुतेकांना मिळाले हे उत्तर सरकारला देता आले नाही. वर्णद्वेषी राजवटीतून बाहेर पडलेल्या, तीव्र विषमतेने ग्रासलेल्या देशाला हे जमले असेल, तर महाराष्ट्रासारख्या औद्योगिक राज्याने पैशाची सबब सांगू नये.

छापील पुस्तकाच्या समर्थकांनीही काही गोष्टी मान्य करायला हव्यात. दप्तराचे ओझे ही लहान मुलांची खरी पीडा आहे. तिच्यावर उपाय म्हणून राज्याने २०२३ मध्ये पुस्तकांचे भाग पाडले आणि त्यांत वहीची कोरी पाने घातली. दोन वर्षे होत नाहीत तोच, जानेवारी २०२५ मध्ये, कोरी पाने रद्द करण्याचा निर्णय घ्यावा लागला. लिहून भरलेले पुस्तक धाकट्या भावंडाला देता येत नाही आणि अप्पा बळवंत चौकात निम्म्या किमतीला विकताही येत नाही, हे निर्णय घेणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे. संदर्भग्रंथ, नकाशे, जुन्या प्रश्नपत्रिका, प्रात्यक्षिकांच्या फिती हे सारे डिजिटल स्वरूपातच ठेवणे शहाणपणाचे आहे. प्रत्येक गोष्ट छापा, असा आग्रह कोणी धरू नये.

मागणी नेमकी असावी. सरकारी व अनुदानित शाळांतील नववी ते बारावीच्या सर्व विद्यार्थ्यांना छापील क्रमिक पुस्तके विनामूल्य मिळावीत. सार्वजनिक पैशातून तयार होणारे प्रत्येक शैक्षणिक साहित्य मुक्त परवान्याने प्रसिद्ध व्हावे आणि त्याची प्रत्येक जुनी आवृत्ती तारखेसह जपून ठेवावी. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली गावोगाव जी अनुदानित ग्रंथालये आहेत, त्यांतील ‘क’ आणि ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयांतही शालेय पुस्तकांचा एक पूर्ण संच, एक संगणक आणि छपाईचे साधे यंत्र असावे. ज्या घरी फोन नाही तेथील मुलाला डिजिटल साहित्याचा लाभ मिळण्याचा हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. ‘दीक्षा’सारख्या मंचांवर मुलांची कोणती माहिती घेतली जाते हे जाहीर करण्याची सक्ती असावी. आणि मराठीतून विद्यापीठीय पाठ्यग्रंथ लिहिणाऱ्या प्राध्यापकाच्या कामाची पदोन्नतीच्या वेळी नोंद व्हावी. नाहीतर हे काम निवृत्तांवरच पडून राहील.

यासाठी आधी माहिती हवी. शिक्षणहक्क कायद्याने स्थापन झालेल्या शाळा व्यवस्थापन समित्यांत पक्षाचे अनेक कार्यकर्ते पालक म्हणून बसतात. हायस्कुलांच्या पालक-शिक्षक संघांतही आहेत. नववी ते बारावीच्या वर्गांत किती मुलांजवळ सर्व पुस्तके आहेत, किती जणांजवळ फोनवरच आहेत, आणि किती जणांजवळ दोन्ही नाहीत, याची मुलामुलींची वेगवेगळी मोजणी प्रत्येक तालुक्यातील पाच-सहा शाळांतून जरी जुलैअखेर झाली, तरी डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात आमदारांच्या हाती प्रश्न विचारण्यापुरते आकडे येतील. पुढच्या जूनच्या पुस्तकांसाठी पैशाची तरतूद मार्चच्या अर्थसंकल्पात व्हावी लागते.